कोणाचे नाक, कोणाच्या हाती? : व्यंगचित्रातील एका अवयवाचा शोध

मराठीत व्यंगचित्रांविषयी जे लिहिले जाते त्यात ‘रेषा’ हा शब्द फार येतो. ती बोलकी असते, खट्याळ असते, लयदार असते, क्वचित मितभाषीही असते. या विशेषणांशी माझे भांडण नाही. पण ती वाचून झाल्यावर चित्रात नेमके काय पाहायचे, हे वाचकाला कळत नाही. रेषा म्हणजे कशाची रेषा? भुवईची, पोटाच्या घेराची, की पायजम्याच्या नाडीची? वसंत सरवटे यांच्यासारखा अपवाद सोडला, तर या प्रश्नापाशी थांबून लिहिणारे आपल्याकडे थोडेच. सरवटे स्वतः व्यंगचित्रकार होते आणि ‘परकी चलन’सारख्या पुस्तकातून त्यांनी बाहेरच्या चित्रकारांचे काम मराठी वाचकाला हात धरून दाखवले. त्यांच्याकडून घेतलेला धडा इतकाच, की चित्राची स्तुती करण्याआधी चित्र पाहावे.

मी चित्रकलेच्या शाळेत गेलेलो नाही. माझे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात झाले. जुने दिवाळी अंक किलोच्या भावाने आणायचे आणि चित्रे पाहत बसायचे, हा उद्योग गेली बरीच वर्षे चालू आहे. त्यातून हाती लागलेली एक साधी रीत सांगतो. व्यंगचित्रातल्या माणसाचे नाक अंगठ्याने झाका आणि चित्र पुन्हा पाहा. डोळे झाकले तर भाव जातो, तोंड झाकले तर बोलणे जाते. नाक झाकले की एक विलक्षण गोष्ट होते. माणूस हसतच असतो किंवा रागावलेलाच असतो, पण तो *कोण* आहे हे कळेनासे होते. या लेखाचा सगळा प्रपंच या ‘कोण’विषयी आहे.

१

आधी कारागिरीचा भाग पाहू. रेषेने काम करणाऱ्याला नाकाइतका अडचणीचा अवयव दुसरा नाही. डोळ्यांना कड असते, कारण पांढऱ्यावर काळे असते. ओठांचा रंग त्वचेहून वेगळा, भुवया तर आयत्याच रेषा. नाक मात्र त्वचेवर उठलेली त्वचाच. समोरून पाहिले तर त्याला कड नसते. असतात त्या दोन नाकपुड्या आणि एका बाजूची सावली. छायाप्रकाशात रंगवणारा चित्रकार ही सावली रंगवून मोकळा होतो. व्यंगचित्रकाराकडे सावलीची चैन नसते. जिथे मुळात रेषा नाही, तिथे त्याला रेषा कल्पावी लागते.

म्हणून चित्रकारांनी हजार युक्त्या काढल्या. कोणी बटाटा काढतो, कोणी इंग्रजी ‘एल’ किंवा ‘यू’, कोणी नुसते दोन ठिपके. बहुतेक जण चेहरा थोडा वळवतात, कारण बाजूने पाहिले की नाकाला लगेच कड मिळते. ही युक्ती आपल्याकडेही जुनी आहे. पश्चिम भारतातल्या कल्पसूत्राच्या जैन पोथ्यांत चेहरा पाऊण वळलेला, नाक चोचीसारखे टोकदार आणि पलीकडचा डोळा गालाबाहेर आलेला असतो. पैठण आणि पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतही एका बाजूने दिसणारे धारदार नाक आणि मोठा डोळा ही जोडी ठरलेली. उलट वारली चित्रात डोके म्हणजे फक्त एक गोल. तिथे नाकच नाही. बाईच्या अंबाड्यावरून तिचे तोंड कुठे आहे ते ओळखायचे.

नाकाचे पहिले काम हेच, दिशा दाखवण्याचे. शि. द. फडणीस यांची शब्दविरहित चित्रे या दृष्टीने पाहावीत. ‘मोहिनी’च्या १९५२ च्या दिवाळी अंकाचे त्यांचे मुखपृष्ठ मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको : तरुणीच्या साडीवर मांजरे, तरुणाच्या शर्टावर उंदीर. तिथे विनोद कपड्यांवर आहे, नाकावर नाही. ज्या चित्राखाली ओळ नसते, त्यात कोण कोणाकडे पाहतो आहे यावर सगळे अवलंबून असते आणि ते नाक गुपचूप सांगून टाकते. असे नाक वाचकाच्या लक्षातही राहत नाही. माझ्या लेखी तो त्याचा गुण आहे.

पण नाक दिशा दाखवून थांबत नाही. जिथे निसर्गाने रेषा दिलेली नाही, तिथे चित्रकार जी रेषा घालतो ती सर्वस्वी त्याच्या मनातून आलेली असते. डोळा काढताना तो पाहतो; नाक काढताना तो ठरवतो. आणि माणूस ठरवायला बसला, की त्याच्या घरातले, गल्लीतले, जातीतले पूर्वग्रह त्याच्या टाकातून उतरू लागतात.

२

ही गोष्ट ज्याने सर्वांत आधी स्पष्टपणे ओळखली तो जिनिव्हाचा एक शाळामास्तर होता. रोडॉल्फ टॉप्फरला वडिलांसारखे चित्रकार व्हायचे होते. डोळ्यांच्या दुखण्यामुळे ते जमले नाही. त्याने शाळा चालवली आणि फावल्या वेळात चित्रांतून गोष्टी रचल्या. आजच्या चित्रकथेच्या पूर्वजांत त्यांची गणना होते. १८४५ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने चेहऱ्याच्या रेखाटनावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. एकच डोके पुन्हा पुन्हा काढायचे, दर वेळी एखादाच अवयव बदलायचा आणि माणूस कसा बदलतो ते पाहायचे, ही त्याची पद्धत.

टॉप्फरने चेहऱ्यावरच्या खुणांचे दोन भाग केले. एक बदलत्या खुणा : भुवईचे चढणे, ओठांचे मुडपणे, डोळ्यांचे विस्फारणे. दुसऱ्या कायमच्या खुणा : कपाळ, नाक, हनुवटी. बदलत्या खुणांवरून माणसाच्या मनात त्या क्षणी काय चालले आहे हे बऱ्यापैकी कळते, असे त्याचे म्हणणे. कायमच्या खुणांवरून मात्र माणसाची अक्कल किंवा नीती ओळखता येत नाही. तिथे हटकून फसगत होते. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्यांचा तो काळ होता. जामबातिस्ता देल्ला पोर्ता याने १५८६ मध्ये माणसांची तोंडे जनावरांशेजारी मांडून स्वभाव सांगितले होते, तेव्हापासून ही विद्या युरोपात मुरलेली. अशा काळात एक मास्तर म्हणतो, की नाकावरून माणूस ओळखू नका. आणि हे म्हणणारा स्वतः नाके बदलून पात्रे घडवतो!

यात विरोध वाटेल, पण तो नाही. टॉप्फरला कळले होते, की वाचक नाकावरून स्वभाव *वाचतोच*. त्या वाचण्यावर चित्रकाराचे पोट आहे. पण वाचकाला वाटणे वेगळे आणि ते खरे असणे वेगळे. ई. एच. गॉम्ब्रिच यांनी १९६० च्या ‘आर्ट अँड इल्यूजन’मध्ये टॉप्फरला पुन्हा उजेडात आणले आणि एका निरीक्षणाला ‘टॉप्फरचा नियम’ असे नाव दिले : चेहरा कितीही वाईट काढलेला असो, त्यातून कोणते तरी व्यक्तिमत्त्व दिसतेच. या नियमाला मी माझ्या समजुतीने एक पुरवणी जोडतो. भुवईतून माणसाचे *करणे* दिसते, नाकातून त्याचे *असणे*. करणे त्याला बदलता येते, असणे येत नाही. म्हणून भुवईवर हसणे हा विनोद असतो. नाकावर हसणे हा बहुधा निवाडा असतो.

३

मराठी भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे. आपण नाक मुरडतो, नाक खुपसतो, नाकाने कांदे सोलतो. ही सगळी करणी. पण नाक कापले जाते तेव्हा अब्रू जाते. नाशिकचे नाव लोकसमजुतीने शूर्पणखेच्या नाकाशी जोडलेले आहे. नाक कापण्याची शिक्षा ही नुसती कथा नव्हती. टिपूच्या माणसांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याकडच्या एका देशी वैद्याने कपाळाच्या कातड्यातून नवे नाक करून दिले. त्याची सचित्र हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि युरोपातल्या शल्यविशारदांना त्यामुळे एक विद्या पुन्हा गवसली.

आणि नाक जन्मतःच बसके असले तर? भाषा तिथेही तयार आहे. चाफेकळी नाक सुंदर आणि ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने’. या म्हणीत मुलीने काही केलेले नाही. तिचे नाक तेवढे आहे. शाळेत मलाही नाकावरून नाव पडले होते; त्यात विशेष काही नाही, प्रत्येक वर्गात असे एकजण असतोच. विशेष हे, की आमच्या वर्गात सरळ नाकाच्या मुलांना नाकावरून नाव नव्हते. सरळ नाक हे जणू नाकच नव्हते, ते नुसते ‘असायचे तसे’ होते. व्यंगचित्रातही हेच घडते. काही नाके दिसतात, काही दिसत नाहीत. कोणाचे नाक दिसावे हे कोण ठरवतो?

४

आपल्या देशात हे एकदा सरकारी खर्चाने ठरवले गेले. हर्बर्ट रिस्ले हा बंगालमधला सनदी अधिकारी. त्याने हजारो लोकांची नाके मोजवून घेतली. नाकाच्या रुंदीला शंभराने गुणायचे आणि उंचीने भागायचे. येईल तो आकडा म्हणजे नासिकांक. सत्तरच्या आत असेल तर नाक निमुळते, पंचाऐंशीच्या वर गेला तर रुंद. १८९१ साली त्याने निष्कर्ष काढला, की नाक जितके रुंद तितके जातीचे सामाजिक स्थान खालचे. हाच रिस्ले पुढे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला. जातिव्यवस्थेला मिळालेला हा कंपास-पट्टीचा दाखला होता.

त्याला उत्तर मिळाले तेही आकड्यांनीच. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’मध्ये ही मापे पुन्हा तपासली आणि रिस्लेचा नियम देशभर लागू पडत नाही हे दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात याच मापांचा आधार घेऊन अस्पृश्यतेचा वांशिक सिद्धांत मोडीत काढला. एकाच प्रांतातले ब्राह्मण आणि अस्पृश्य नासिकांकाने वेगळे निघत नाहीत. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, आणि ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. मापणाऱ्याचेच माप घेऊन त्याचा निष्कर्ष उलटवणे, हा त्या ग्रंथातला मला अतिशय प्रिय असलेला भाग.

व्यंगचित्रावरच्या लेखात रिस्ले कशाला, असे वाचक विचारील. कारण रिस्लेचा तक्ता पुस्तकात खोडला गेला तरी चित्रातून गेला नाही. नायकाचे नाक सरळ, गुंडाचे फेंदारलेले. मालकाचे धारदार, गड्याचे बसके. ही वाटणी करताना कोणताही चित्रकार रिस्ले वाचून बसलेला नसतो. वाचावा लागत नाही, हीच तर अडचण.

या रस्त्याचे शेवटचे टोक कुठे आहे तेही पाहून ठेवले पाहिजे. १९३८ साली जर्मनीत ‘डेर गिफ्टपिल्झ’, म्हणजे विषारी अळंबी, या नावाचे मुलांचे पुस्तक निघाले. प्रकाशक युलियस श्ट्रायखर, चित्रकार फिलिप रुप्रेख्त. तो ‘फिप्स’ या नावाने चित्रे काढी. त्यातल्या एका चित्रात शाळेचा वर्ग आहे. फळ्यापाशी उभा असलेला मुलगा ज्यू माणसाचे नाक इंग्रजी सहाच्या आकड्यासारखे असते हा धडा समजावून सांगतो आहे. मला या चित्राची भीती वाटते ती त्यातल्या द्वेषाइतकीच त्यातल्या सोपेपणाची. तो चित्रकलेचा पाठ आहे. कोणत्याही मुलाला जमेल असा एक आकडा, आणि त्या आकड्यात एक अख्खा समाज. श्ट्रायखरला न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर १९४६ मध्ये फाशी झाली. त्याने स्वतः कोणावर शस्त्र चालवले म्हणून ती शिक्षा नव्हती, चिथावणीबद्दल होती.

५

यावर एक रास्त आक्षेप आहे. असे सगळे मनावर घेतले तर व्यंगचित्र काढायचे तरी कसे? ही कला साच्यांवरच चालते. एका चौकटीत, एका क्षणात वाचकाला हा सावकार, हा पोलीस, ही सासू हे कळले पाहिजे. अमेरिकेतल्या चित्रकथेचे बुजुर्ग विल आयस्नर यांनी साचे ही या माध्यमाची गरज आहे असे उघडपणे मांडले होते. पण त्याच आयस्नरनी वयाच्या शेवटच्या टप्प्यात, २००३ साली, ‘फॅगिन द ज्यू’ हे चित्रपुस्तक केले. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या फॅगिनला क्रुकशँकने ज्या नाकाचे केले, ते नाक त्यांनी पुन्हा काढले आणि त्या माणसाला त्याची स्वतःची गोष्ट दिली. प्रस्तावनेत त्यांनी आपल्याच ‘द स्पिरिट’मधल्या एबनी या कृष्णवर्णीय पात्राचाही हिशेब मांडला. साचा लागतो हे खरे. पण साचा ओतणाऱ्याला त्याची जबाबदारीही घ्यावी लागते, हे या पुस्तकाचे सांगणे.

दुसरे उत्तर असे दिले जाते, की सगळ्यांचीच नाके मोठी काढा, म्हणजे कोणी दुखावणार नाही. उदेर्झोच्या ‘अॅस्टरिक्स’मध्ये गॉल काय नि रोमन काय, सगळे नाकाळ, क्लिओपात्राच्या नाकाची तर सारखी तारीफ चाललेली. ही समता मला आवडते, पण ती पुरी पडत नाही. त्याच मालिकेतल्या चाचांच्या गलबतावर डोलकाठीवरचा आफ्रिकी पहारेकरी जाड लाल ओठांचाच राहतो. नाकाचा हिशेब मिटवला की पूर्वग्रह शेजारच्या अवयवात राहायला जातो.

मग कसोटी कोणती? मला ती आर. के. लक्ष्मण यांच्या दोन नाकांत सापडते.

पहिले इंदिरा गांधींचे. लक्ष्मण यांनी ते नाक इतके लांबवले की पुढे पुढे त्या नाकाने सगळा चेहरा व्यापला. ते कोणाचे नाक होते? काश्मिरींचे नव्हे, बायकांचे नव्हे. फक्त एका व्यक्तीचे, आणि ती व्यक्ती देशातली सर्वांत ताकदवान. १९६७ च्या निवडणुकीत भुवनेश्वरच्या सभेत दगड लागून त्यांच्या नाकाचे हाड मोडले होते. खऱ्या नाकावर दगड पडणे ही हिंसा. कागदावर तेच नाक लांबणे ही लोकशाही. हा फरक ज्या देशाला कळतो तो देश ठीक चालला आहे असे समजावे.

दुसरे नाक ‘कॉमन मॅन’चे, गोल. लक्ष्मण यांनीच सांगितले आहे, की सुरुवातीला ते चित्रात बंगाली, तमिळ, पंजाबी अशी प्रांतोप्रांतीची माणसे दाटीवाटीने भरत. रोजच्या घाईत एकेक माणूस गळत गेला आणि शेवटी एकटा उरला. वेळेअभावी झालेली ही गाळणी म्हणजे भारतीय व्यंगचित्रातला एक मोठा निर्णय होय. प्रांत गळाले तशी प्रांतांची नाकेही गळाली. उरलेले गोल नाक कोणत्याच मुलखाचे नाही. त्यावर चष्मा टेकतो, त्याखाली मिशी बसते, बाकी ते काही सांगत नाही. तरी माझी एक हरकत नोंदवतो. नाक मुलखाबाहेरचे झाले, पण धोतर आणि चौकड्यांचा कोट राहिला. तो मध्यमवर्गीय आहे, पुरुष आहे, त्याला पायांत वहाणा आहेत. ‘सामान्य’ या शब्दात कोण बसते आणि कोण उंबऱ्याबाहेर राहते, हा प्रश्न त्या नाकाने सोडवला. कपड्यांनी पुन्हा उभा केला.

उन्नमती श्याम सुंदर यांनी ‘नो लाफिंग मॅटर’ या पुस्तकात १९३२ ते १९४८ या काळातली आंबेडकरांवरची इंग्रजी वृत्तपत्रांतली व्यंगचित्रे एकत्र केली, तेव्हाही हाच प्रश्न वर आला. तिथे वाद नाकाचा नाही. कोणाला लहान काढले आणि कोणाच्या हाती चाबूक दिला, याचा आहे. शंकर यांच्या १९४९ च्या गोगलगायीच्या चित्रावरून २०१२ साली संसदेत वादळ उठले, तेव्हा पुष्कळांनी विनोदबुद्धी हरवल्याची हळहळ व्यक्त केली. मला त्या हळहळीत अर्धेच तथ्य दिसते. विनोद सहन करण्याचा उपदेश नेहमी ज्याचे नाक दिसते त्यालाच केला जातो.

६

या सगळ्यातून माझी कसोटी तीन प्रश्नांची होते. हे नाक एकाचे आहे की अनेकांचे? ज्याचे आहे तो चित्रकाराच्या वर आहे की खाली? आणि नाक बदलले तर विनोद मरतो का? एकाचे असेल आणि तो वरचा असेल, तर नाक खुशाल दिल्लीपर्यंत लांबवावे. अनेकांचे असेल आणि ते खालचे असतील, तर हात आखडावा. तिसरा प्रश्न कलेचा आहे आणि माझ्या मते निर्णायक. नाक बदलूनही विनोद टिकला, तर ते नाक तिथे विनोदासाठी नव्हतेच. ते नुसते सवयीने आले होते.

दिवाळी अंकाच्या वाचकाला ही कसोटी लावायला दूर जावे लागणार नाही. व्यंगचित्राला मराठीत घर मिळाले ते दिवाळी अंकांत. ‘आवाज’ने खिडकीची चित्रे काढली, ‘मोहिनी’, ‘हंस’ यांनी मुखपृष्ठे दिली. वर्षातून एकदा का होईना, सबंध घर एकत्र बसून चित्रांना हसले. पण याच पानांत वर्षानुवर्षे सुंदर तरुणीचे नाक म्हणजे एक ठिपका आणि सासूचे म्हणजे पोपटाची चोच राहिली. तरुणी तीच, तीस वर्षांनी तिच्या नाकाला चोच कशी येते, हे कोणी विचारले नाही. मोलकरणीचे नाक मालकिणीपेक्षा रुंद का, हेही नाही. हे विचारणे म्हणजे आपल्या चित्रकारांना कोर्टात उभे करणे नव्हे. ज्यांच्या चित्रांवर आपण वाढलो त्यांना गंभीरपणे वाचण्याची ही पद्धत आहे. केवळ ‘रेषा बोलकी आहे’ म्हणून सोडून देणे, हाच त्यांचा खरा अवमान.

तेव्हा या वर्षीचे अंक चाळताना अंगठा वापरून पाहावा. नाक झाकावे आणि चित्र पुन्हा वाचावे. विनोद शाबूत असेल, तर त्या झाकलेल्या नाकाने आपल्याला कोणाविषयी काय सांगितले होते आणि आपण ते न बोलता कसे मान्य केले होते, याचा थोडा विचार करावा.